खुशीनं डोळा मारला

योगेश होलेनं सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांची बोली पुकारली, की अमरावतीच्या भाजी मंडीतला पलीकडच्या रांगेतला आलू-कांद्याचा अडत्या स्वतःचा भाव विसरतो. सकाळी शेतकऱ्यांचा माल उतरला, की उलट्या कॅरेटवर उभं राहून हर्रास बोलायचा, हे योगेशचं काम. माईक त्याला कोणी दिला नाही. दिला असता तर बेइज्जती माईकचीच झाली असती. घरीही तो याच आवाजात बोलतो. पाणी मागितलं तरी शेजारच्या दोन घरांत लोक माठाकडं पाहतात.

अशा माणसाच्या पोटी जन्मून खुशीनं तीन वर्षांत त्याचा एक शब्द ऐकला नव्हता. मंडीतले लोक म्हणत, "लेका, पोट्टीनं बापाचा आवाज पोटातच ऐकला असंन अन् कान मिटून घेतले." म्हणत ते त्याच्या पाठीमागं, पण मंडीत पाठीमागचं बोलणंही समोरच ऐकू येतं. योगेश वरून हसला होता. एकटा असला की मात्र त्याला ते खरं वाटायचं.

आता खुशीचं ऑपरेशन झालं होतं. उजव्या कानामागं यंत्र लागलं होतं आणि त्याला दोन महिने होत आले होते. यंत्राचा एक भाग कातडीखाली, आत. बाहेर कानावर अडकवायचा दुसरा भाग, आणि त्याच्या वायरला एक गोल चकती. तिला कॉईल म्हणायचं. ती लोहचुंबकानं डोक्याला चिकटते. हे सगळं योगेशला तोंडपाठ होतं. त्याला फक्त एवढंच कळत नव्हतं, की पोरीला ऐकू येतं की नाही. आणि ते त्याला आज, आत्ता, या मिनिटाला पाहिजे होतं. हर्रास बोलणाऱ्याला लांबलेला सौदा सोसत नाही. मालाकडं एकदा पाहिलं, बोली लागली, माल सुटला. इथं माल समोर बसून बिस्कीट खात होता आणि बोली काही सुटत नव्हती.

खुशीचं बहिरेपण पहिल्यांदा ओळखलं ते तिच्या आईनं, रागिणीनं. योगेशची आई पार्बताबाई तेव्हा म्हणाली होती, "माहा योगेशही उशिरा बोलला. आता थांबते का?" मग तिनं स्वतःच तपासणी केली. रागिणीनं खुशीला समोर घेऊन बसायचं आणि पार्बताबाईनं पोरीच्या पाठीमागं उभं राहून पितळेची थाळी पळीनं बडवायची. पहिल्याच आवाजाला खुशी वळली. घरात आनंदीआनंद. योगेशनं त्या दिवशी मंडीत पेढे वाटले. रागिणीला मात्र काहीतरी खुपत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या तोंडावर पदर ओढून घेतला आणि सासूला म्हणाली, "आता वाजवा." थाळी वाजली, गल्लीतलं कुत्रं भुंकलं, छपरावरचे पारवे उडाले. खुशी पदराची किनार चावत बसली होती. आदल्या दिवशी ती थाळीकडं वळलीच नव्हती, तिच्या आईचे डोळे जिकडं गेले तिकडं वळली होती.

मग अकोल्याला गीतांजली मॅडमकडं तपासण्या, मग नागपूरला मोठ्या दवाखान्यात स्कॅन. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर गोगलगाय काढली. म्हणाले, "आतला कान असा असतो, अडीच वेढ्यांचा. हिचा दीड वेढ्याच्या आतच थांबला आहे आणि ऐकण्याची नस बारीक आहे. गर्भातच त्याची वाढ अर्धवट राहिली. यात कोणाची चूक नाही."

"डॉक्टरसाहेब, थे शेवटचं पुन्हा एकदा सांगा," रागिणी म्हणाली, आणि सासूच्या खुर्चीकडं थोडी सरकली. ती पोटुशी असताना ग्रहणात तिनं मेथीच्या जुड्या बांधल्या होत्या आणि पार्बताबाईनं तेव्हापासून ते ग्रहण सुटू दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. पार्बताबाईनं खिडकीबाहेरचं नागपूर पाहायला घेतलं.

"यंत्र बसवल्यावर ऐकू येईन?" योगेशनं विचारलं.

"आवाज कळावा, अशी आशा आहे. असे कान पूर्ण घडलेल्या कानासारखे चालतीलच असं नाही. बोलणं कधी समजेल, किती समजेल, ते आज सांगता येणार नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही."

योगेशला धक्का बसला तो इथं. वांगे आत किडके आहेत की नाही, हे कॅरेट न उपसता अंदाजे सांगणारा माणूस तो. एवढं शिकलेला डॉक्टर अंदाजेही सांगत नाही म्हणजे काय?

यंत्र पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी अकोल्याला सगळं घर गेलं होतं. योगेशनं मोबाईलवर असे कितीतरी व्हिडिओ पाहिले होते. मॅडम बटन दाबतात, लेकरू दचकतं, मग हसतं, आई रडते, बापही रडतो, मागं पियानो वाजतो. योगेश मोबाईल उभा धरून तयार होता. मॅडमनी यंत्र चालू केलं. खुशीनं बिस्कीट चहात बुडवलं. योगेशनं तिला तीनदा हाक मारली. खुशीनं ते बिस्कीट खाल्लं. तो व्हिडिओ त्याच्या मोबाईलमध्ये अजून आहे. त्यात बिस्कीट खाणारी पोरगी दिसते आणि कॅमेऱ्यामागं एक माणूस "खुशी! खुशी!" असा ओरडतो की जणू कुठं आग लागली आहे.

"असंच असतं बरेचदा," मॅडम म्हणाल्या. "करंट एकदम जास्त देता येत नाही. यंत्रात चढत्या करंटचे चार प्रोग्राम घालून देते. आता पहिला. पंधरा दिवसांनी दुसरा लावा आणि त्याच्यावरच थांबा. पुढच्या मॅपिंगला आलात की बघू." मॅपिंग म्हणजे लेकराच्या कानाला किती करंट सोसतो, ते कॉम्प्युटरला जोडून ठरवायचं.

थांबा, हा एक शब्द योगेशच्या कानाच्या अडीच वेढ्यांतही कुठं शिरला नाही.

घरी आल्यापासून तपासणी सुरू झाली. सकाळी मंडीतून आला की चप्पल काढायच्या आधी टाळी. जेवताना ताटावर वाटी. खुशी अंगणात खेळत असली की मागून मोटरसायकलचा हॉर्न. पार्बताबाईनं थाळी पुन्हा बाहेर काढली. पाहुणा आला तर तोही एखादी शिट्टी मारून जायचा, आपलाही हात लागावा म्हणून. घर म्हणजे बँडवाल्याचं दुकान झालं होतं. ज्या पोरीसाठी हे चाललं होतं, ती निवांत होती. तिच्या कानावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, म्हणजे यंत्र ठीक. खुशी मात्र ढिम्म.

योगेशची झोप गेली. हर्रास बोलता बोलता तो भाव चुकू लागला. बसला की त्याचा उजवा पाय आपोआप हलायला लागायचा आणि पायाबरोबर खाट, खाटेबरोबर वरची भांडी.

पंधरा दिवसांनी दुसरा प्रोग्राम लागला. एके दिवशी रागिणीनं कुकर लावला होता. शिट्टी झाली आणि खुशीचा उजवा डोळा मिटला. एकच डोळा, एकदाच. दुसरी शिट्टी झाली, पुन्हा मिटला.

"डोळा मारला!" योगेश खाटेवरून उडाला. "माय, पोट्टीनं डोळा मारला! रागिणी, पुन्हा शिट्टी कर!"

"कुकर काय माह्या बापाचा नोकर आहे?" रागिणी म्हणाली, पण तीही हातातलं टाकून आली.

योगेशनं टाळी वाजवली. डोळा मिटला. थाळी वाजवली, डोळा मिटला. पार्बताबाईनं पोरीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. रागिणीनं मुद्दाम पदर तोंडावर घेतला, तरीही डोळा मिटला. म्हणजे या वेळी कोणाच्या तोंडाकडं पाहून नव्हतं. योगेश खाली बसला आणि आवाज न करता रडला. त्यानं आवाज न करता केलेली ही आयुष्यातली बहुधा पहिली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मंडीत बातमी गेली. कॅरेट उचलणारा धम्मदीप, योगेशचा लहानपणचा दोस्त, तो काम सुटल्यावर सरळ घरीच आला. त्यानं पोरीच्या मागं उभं राहून दोन्ही हातांनी कॅरेटवर थाप मारली. खुशीनं डोळा मारला.

"अबे! हे तं सिग्नल देऊन राहिली," धम्मदीप म्हणाला. "बोली लावणाऱ्यायनंही शिकाव असं."

मग लोक येऊ लागले. मंडीतले, गल्लीतले, पार्बताबाईच्या माहेरचे. योगेश खुशीला मधे बसवायचा, पाहुण्याला मागं उभं करायचा आणि म्हणायचा, "वाजवा." अशी हौस वाढली, तसं त्याला वाटू लागलं, की दुसऱ्या प्रोग्रामवर ती अर्ध्याच टाळ्यांना डोळा मारते. तिसरा लावला तर? त्यानं लावला. जास्त मारायला लागली. मग पुढच्या आठवड्यात चौथा. आता तर मोठ्यानं खोकललं तरी डोळा मिटायचा.

रागिणीला हे दिसत होतं आणि आणखीही काही दिसत होतं. डोळ्याबरोबर पोरीच्या ओठाचं टोकही ओढलं जायला लागलं होतं. सकाळी यंत्र हातात घेतलं की खुशी मान मागं घ्यायची.

"तिले हे गमत नाई," ती एकदा म्हणाली. "आवाज कमी करा त्याचा."

"अवं, ऐकून राहिली तं कमी काहून करायचा? कोनी आलेली गिऱ्हाइकी परत लावते का?"

"पोरगी आहे थे. कॅरेट नोका समजू."

योगेशनं ते ऐकलं नाही. त्याच्या कानात काही बिघाड नव्हता, तरी नाही ऐकलं.

मॅपिंगच्या दिवशी तिघं अकोल्याच्या बसमध्ये बसले. योगेश असा बसला होता, जसा पोराचा निकाल घ्यायला चाललेला बाप, ज्याला मास्तरनं आधीच सांगून ठेवलं आहे. तरी पाय हलायचा थांबला नाही. बडनेऱ्याला त्यानं ड्रायव्हरला विचारलं, काहून हळू चालवून राहिले. मूर्तिजापूरला बस थांबली, तर चहा घ्यायला उतरला, चहा न घेताच परत आला आणि पुन्हा उतरला. शेवटी रागिणीनं खुशीला त्याच्या मांडीवर दिलं. मांडी हलतच होती, तर खुशीला ती बसपेक्षा भारी गाडी वाटली.

गीतांजली मॅडम मूळच्या अकोल्याच्याच. लेकरांशी त्या हळू बोलत, आईबापांशी स्वच्छ शिकलेल्या मराठीत. रागावल्या की मात्र ते शिक्षण मागं पडायचं.

"मॅडम, पोट्टी ऐकून राहिली," योगेशनं दारातूनच सांगितलं. "पक्कं. आवाज केला की डोळा मारते."

मॅडम वायर जोडत होत्या, त्यांचा हात थांबला. "कोणता डोळा?"

"उजवा."

"यंत्र उजवीकडं आहे ना?"

"हाव."

 सगळे बसल्यावर मॅडमनी योगेशच्या मांडीवरून खुशीला रागिणीच्या मांडीवर बसवलं. "तुमचा पाय थांबत नाही, तोवर ती इकडंच बरी," म्हणाल्या. मग यंत्राला वायर लावून कॉम्प्युटरकडं वळल्या. खोलीत पंख्याचाही आवाज नव्हता. त्यांनी एक बटन दाबलं. खुशीचा डोळा मिटला. दुसरं दाबलं, डोळा मिटला आणि ओठ ओढला गेला.

"पायलं!" योगेश म्हणाला.

"मी काही वाजवलं का?"

"नाई."

"मग डोळा कशानं मिटला?"

योगेशनं खोलीत इकडंतिकडं पाहिलं. "आतून ऐकू आलं असंन."

"आलंही असेल, नसेलही. डोळा त्यानं मिटत नाही." मॅडमनी खुर्ची त्याच्याकडं वळवली. "ऐकायची नस आणि चेहऱ्याची नस, दोघी एकमेकींना लागून जातात. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन वावरं असल्यासारख्या. हिचा आतला कान अर्धाच घडलेला आहे. एकात पाणी सोडलं की दुसऱ्यात झिरपतं. तुम्ही टाळी वाजवता, यंत्र करंट सोडतं, तो चेहऱ्याच्या नसेत जातो, डोळा मिटतो. लाईटच्या वायरला हात लागला तर तुम्ही उडाल ना? त्याला काय तुम्ही नाचलात म्हणायचं?"

योगेशचा पाय थांबला होता.

"असं होऊ शकतं अशा कानांत. त्यासाठीच सांभाळून चढवायचं असतं," मॅडम कॉम्प्युटरकडं पाहत म्हणाल्या आणि एकदम वळल्या. "हे चौथ्यावर कसं? मी दुसऱ्यावर थांबा म्हटलं होतं."

रागिणीनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

"मॅडम, दुसऱ्यावर कमी मारायची," योगेश म्हणाला. इतक्या हळू, की त्याचं त्यालाच नवल वाटलं असतं.

"काय मानूस हो तुमी!" मॅडमची मराठी मूर्तिजापूरच्या अलीकडं आली. "लेकराच्या तोंडाले झटके बसून राहिले अन् तुमी गिनती करून राहिले? किती जनाले दाखवलं?"

 योगेशच्या डोळ्यांसमोरून एकेक पाहुणा गेला. धम्मदीप, गल्लीतले, मामा, मावशा. सगळ्यांच्या मधे खुशी, आणि आपण म्हणतो आहोत, वाजवा. खुशी रागिणीच्या मांडीवर प्लास्टिकच्या चकत्या काठीत ओवत होती. त्याला तिच्याकडं पाहवेना.

मॅडमनी कानात घातलेल्या तारेवरचे करंट सोडणारे जे ठिपके झिरपत होते, ते बंद केले. बाकीच्यांचा करंट खाली आणला. मग पाठीमागून ढोलकी वाजवली. डोळा मिटला नाही. ओठ हलला नाही. खुशीनं मान वळवली नाही. चकत्या ओवत राहिली.

"मग तिले ऐकूच येत नवतं का?" योगेशनं विचारलं. "इतके दिवस?"

"माहीत नाही."

"अन् आता?"

"आज सांगता येत नाही. येतं असंही म्हणत नाही, येत नाही असंही नाही. आवाज कळत असेल तरी तो आवाज आहे, हे लेकराला कळायला वेळ लागतो." त्या आता शांत झाल्या होत्या. "पुढच्या वेळेपर्यंत तपासणी बंद. टाळी नाही, थाळी नाही, हॉर्न नाही. प्रोग्रामला हात नाही. दिवसभर यंत्र घाला आणि बोला. जवळ बसून, साध्या आवाजात."

"काय बोलू?"

"दिवसभर बोलायचाच धंदा आहे ना तुमचा?"

"थे तं भाव असते, मॅडम."

 परतीच्या बसमध्ये रागिणी खिडकीतून जे दिसेल ते खुशीच्या कानाजवळ सांगत होती. हे पाय गाडी, हे पाय म्हैस, म्हैस पानी पिऊन राहिली. एक बुवा वळून वळून पाहत होता, की तीन वर्षांच्या पोरीला ही म्हैस इतकी काहून समजावून राहिली.

मग ते दिवस सुरू झाले, ज्यांच्यापुढं ऑपरेशनचे दिवस योगेशला बरे वाटले. ऑपरेशनच्या वेळी निदान धावपळ होती, रक्त दे, कागद आण, इकडं सही कर. आता फक्त न करायचं काम होतं, आणि न करायचं काम योगेशला कधी कोणी शिकवलं नव्हतं. टाळी वाजवायला हात वर यायचे, तर तो ते डोक्याला पुसायचा. रागिणीनं थाळी माळ्यावर टाकली. "माह्या घरातली थाळी मले वाजवता येत नाई," असं म्हणून पार्बताबाई दोन दिवस फुगून बसली.

मंडीत लोक विचारायचे. धम्मदीपनं तर पहिल्याच दिवशी विचारलं, "योगेशभाऊ, मारते का नाई डोळा?"

"बंद झाला."

"काहून?"

"थे ऐकनं नवतं. करंट होता."

धम्मदीपनं डोक्यावरचं कॅरेट खाली ठेवलं.  मग म्हणाला, "माह्या बायकोनंही लग्नाच्या आधी असाच मारला होता, गड्या. मी समजलो पिरेम. करंटच निघाला." योगेश हसला नाही, म्हणून धम्मदीपही हसला नाही. त्यानं कॅरेट उचललं आणि जाता जाता योगेशच्या पाठीवर हात ठेवला, जरा जास्त वेळ.

एकदा योगेशच्या हातून स्टीलचा गिलास पडला. खुशीच्या बरोबर मागं. खुशी वळली नाही.

"पडला?" रागिणी चुलीपासून म्हणाली.

"पडला."

"चांगला उंचावरून पडला."

योगेशनं गिलास उचलला. त्याला स्वतःचा राग आला आणि रागातही पोरीच्या मानेकडंच लक्ष होतं. वळली का? नाही वळली.

त्यात नवीनच सुरू झालं. खुशी कॉईल काढून टाकायला लागली. खेळता खेळता हात कानामागं जायचा, चकती उपटायची आणि टाकून द्यायची. कधी पाण्याच्या बादलीजवळ, कधी सांभाराच्या ढिगात. पहिल्यांदा योगेशनं ती हसून उचलली. चौथ्यांदा त्याला हसू आलं नाही. रात्री जेवताना तो म्हणाला, "तिले त्याच्यातून काहीच येत नसंन. नुसतं डोक्याले ओझं. म्हनून फेकते."  रागिणी खुशीला भरवत होती आणि प्रत्येक घासाला भाताचं काहीतरी सांगत होती.

एके दुपारी मंडी आटोपून योगेश घरी आला होता. अंगणात रागिणी जुड्या बांधत होती. पार्बताबाई तुरीच्या शेंगा सोलत होती आणि खुशी तिच्याजवळ भिंतीकडं तोंड करून बसली होती. सोललेल्या टरफलांत पुन्हा दाणे भरायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. धामणगावच्या एका शेतकऱ्याची पानकोबी सकाळीच यायची होती, आली नव्हती, आणि आता तो म्हणत होता उद्या.

"उद्या?" योगेश गरजला. "भगवंतराव, उद्या काय मी तुमच्या कोबीची आरती करू? गिऱ्हाईक बसवून ठेवलं मी! गाडी काहून नाई भरली? अहो मंग आधी सांगाव ना!"

खुशीचा हात कानामागं गेला. कॉईल निघाली आणि टरफलांत पडली.

"पाय! पाय, फेकली पुन्हा!" योगेशनं फोन कापला. "इतकं सारं करून… रागिणी, मी म्हनत होतो ना. नाई पायजे तिले. काहीच येत नाई तिले त्याच्यातून."

रागिणीच्या हातातली सुतळी तशीच राहिली. ती खुशीकडं पाहत होती.

"सकाळपासून ही पहिलीच वेळ आहे," ती म्हणाली.

"मंग?"

"सकाळी तुमी मंडीत होते. तवा एकदाही नाई काढली. काल तुमी आल्यावर काढली, त्या वजन कापल्याच्या हिशोबावरून भांडत होते तवा. परवा तुमच्या मामासंगं फोनवर."  पुढचं वाक्य तिलाच हळू बोलावंसं वाटलं. "तुमी घरात नसले, तं कॉईल दिवसभर डोक्यालेच असते."

"म्हनजे बापाचं थोबाड पाहून काढते," पार्बताबाई म्हणाली.

"थोबाड कुठून पायते, आई? तिची पाठ आहे त्यायच्याकडं."

योगेशनं पाहिलं. खुशीची पाठच होती. समोर भिंत, भिंतीवर काही नाही. तिनं त्याला पाहिलं नव्हतं. त्याचा पाय हलला नव्हता, जमीन हादरली नव्हती. डोळा मिटला नव्हता. फक्त तो ओरडला होता, आणि पोरीनं ते बंद केलं होतं.

त्याला आधी काही सुधरलं नाही. मग त्याला मंडीच्या मधोमध जाऊन पुकारावंसं वाटलं. माझा आवाज माझ्या पोरीला आवडत नाही! आवडत नाही म्हणजे येतो. आणि लगेच, सवयीनं, हात वर आले.

"थांब. कॉईल लाव तिले. एकदाच. मी ओरडतो, पाहू पुन्हा काढते का."

"नाई."

"अवं एकदाच. खरं आहे का योगायोग, तेवढं…"

"मागं एकदाच एकदाच म्हनून पोरीचं तोंड वाकडं केलं तुमी," रागिणी म्हणाली. आवाज चढवला नाही. "तिनं सांगतलं ना एकदा, नोको म्हनून. आता किती वेळा सांगाव तिनं?"

योगेशचे हात वरच राहिले. मग खाली आले. त्याला तिथं बसवेना, उठवेना. तो अंगणात दाराशी गेला, परत आला. माळ्याकडं पाहिलं, जिथं थाळी होती. रागिणीनं टरफलांतून कॉईल काढली, पदरानं पुसली आणि खुशीच्या डोक्याला लावली. टक् झालं. हिरवा दिवा लुकलुकला.

योगेश येऊन खुशीच्या बाजूला उकिडवा बसला. तोंड उघडलं आणि मिटलं. मंडीभर पुरणारा आवाज कुठून कमी करायचा, याची जागाच त्याला सापडत नव्हती. पहिला शब्द फाटक्या भोंग्यासारखा निघाला. दुसरा जरा बरा.

"खुशी," तो म्हणाला. "आज पानकोबी नाई आली."

खुशीनं एका टरफलात दाणा घातला.

"धामनगावची येनार होती. गाडीच नाई भरली त्यायनं. मंग मी वांगे काढले आधी. वांगे चांगले होते आज. हिरवे, काटेरी. तुह्या आजीले आवडते तसे."

"मले कायले मधे घेतो?" पार्बताबाई म्हणाली, पण हळूच.

"मंग धम्मदीपकाकानं कॅरेट पाडलं. भेद्रं सांडले सगळे, टमाटे. लाल लाल. गाय आली…"

खुशीचा हात वर उठला. योगेशचं वाक्य तिथंच अडकलं.  हात कानाजवळ गेला, केसांत थोडा घुटमळला, तिथं अडकलेलं तुरीचं टरफल निघालं, आणि हात पुन्हा शेंगांकडं गेला. कॉईल जागेवर होती.

त्याला वळून रागिणीकडं पाहायचं होतं. विचारायचं होतं, आवडलं म्हणून नाही काढली, का आलंच नाही म्हणून? मॅडमला आत्ताच फोन लावायचा होता. पाय हलायला लागला, तर त्यानं तो हातानं दाबून धरला.

"गाय आली," तो आणखी हळू म्हणाला, "अन् भेद्रं खायले लागली. मी म्हनलं, अहो बाई, बोली तं लागू द्या…"